स्वयंवह यंत्रे आणि ऊर्जेचा जमाखर्च

भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणी’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्याच्या गोलाध्यायात यंत्रांवर एक प्रकरण आहे आणि त्यात एका चमत्कारिक चाकाचे वर्णन आहे. हलक्या लाकडाचे चाक करावे. त्याला सारख्या अंतरावर सारख्या आकाराच्या पोकळ नळ्या बसवाव्यात. सर्व नळ्या एकाच दिशेला किंचित कललेल्या असाव्यात. त्या निम्म्या पाऱ्याने भराव्यात, तोंडे बंद करावीत आणि चाक दोन खांबांवरील आसावर ठेवावे. मग ते चाक आपले आपण फिरत राहते, असे तेथे म्हटले आहे. अशा यंत्राला आपल्या जुन्या ज्योतिषग्रंथांत ‘स्वयंवह’ असे सुरेख नाव आहे. त्यापूर्वी पाचशे वर्षे ब्रह्मगुप्ताच्या ग्रंथातही अशाच चाकाचे वर्णन येते.

आज आपल्या रस्त्यांवर विजेच्या गाड्या दिसू लागल्या आहेत आणि त्यांच्याबरोबर ‘सेल्फ-चार्जिंग’ हा शब्दही आला आहे. कोणी म्हणतो, ही गाडी धावता धावता स्वतःच चार्ज होते. कोणी त्याहून पुढे जाऊन सांगतो की, हिला भिंतीतल्या प्लगची गरजच नाही. चाकाला जनित्र जोडले आहे, चाक फिरते तशी वीज तयार होते आणि त्या विजेवर पुन्हा चाक फिरते. नाव नवे असले तरी अपेक्षा जुनीच आहे. भास्कराचार्यांच्या चाकाला आणि या गाडीला एकच प्रश्न विचारावा लागतो. तो प्रश्न कोणता व त्याचे उत्तर काय येते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. मी इतिहास शिकवितो. पदार्थविज्ञान हा माझा विषय नव्हे. परंतु येथे जे गणित लागते ते किराणा दुकानदाराच्या वहीपलीकडचे नाही, आणि ते न केल्यामुळे माणसे कष्टाचा पैसा गमावून बसतात. म्हणून कला महाविद्यालयाच्या वार्षिकातही त्याला जागा असावी असे मला वाटते.

चाक का फिरत नाही?

प्रथम पाऱ्याचे चाक पाहू. नळ्या कललेल्या असल्यामुळे एका बाजूला पारा टोकाकडे, म्हणजे आसापासून दूर जातो आणि दुसऱ्या बाजूला तो आसाकडे सरकतो. तराजूच्या दांडीवर वजन जितके दूर सरकवावे तितके ते अधिक भरते, हे आपण जाणतो. तेव्हा पारा ज्या बाजूला दूर आहे ती बाजू खाली यावी, तिच्या जागी पुढची नळी यावी आणि हे अखंड चालावे, असा त्यामागचा विचार आहे. यातली गफलत पटकन दिसत नाही. ज्या बाजूला पारा दूर असतो, त्या बाजूला तो थोडा असतो. ज्या बाजूला तो जवळ असतो, त्या बाजूला तो पुष्कळ असतो. दूरचे थोडे आणि जवळचे पुष्कळ यांची तंतोतंत बरोबरी होते. चाक हाताने ढकलले तर काही फेरे घेते, थोडेसे डुलते आणि थांबते.

याने भास्कराचार्यांचे मोठेपण तिळमात्र उणावत नाही. ‘लीलावती’ आणि ‘बीजगणित’ यांच्या कर्त्याला कोणाच्या प्रशस्तिपत्राची गरज नाही. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांचा नातू चांगदेव याने १२०७ मध्ये आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, आणि तसा शिलालेख तेथे आहे. मला एवढेच सुचवायचे आहे की, सांगणारा कितीही थोर असो, पाऱ्याचे वजन त्याच्या थोरवीकडे पाहत नाही.

युरोपातही हीच कथा घडली. तेराव्या शतकात व्हिलार द ओन्कूर या फ्रेंच कारागिराने आपल्या चित्रवहीत हातोडे लावलेले असेच एक चाक काढून ठेवले आहे. पुढची चारपाचशे वर्षे कोणी पाणचक्की, कोणी लोहचुंबक, कोणी चामड्याचे भाते घेऊन तेच स्वप्न पाहत राहिले. अखेर १७७५ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीने ठराव केला की, यापुढे अखंडगती यंत्रांचे आराखडे आम्ही तपासणार नाही. त्या ठरावातले एक कारण मला फार मानवी वाटते. या नादाने एकाहून अधिक कुटुंबे धुळीला मिळाली आणि ज्या कारागिरांनी समाजाला काही उपयुक्त दिले असते त्यांची बुद्धी व पैसा वाया गेला, असे अकादमीने नमूद केले. म्हणजे हा प्रश्न तेव्हाही केवळ शास्त्राचा नव्हता, संसाराचा होता.

लबाडीही होतीच. १८१२ च्या सुमारास चार्ल्स रेडहेफर नावाच्या गृहस्थाने अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे ‘आपोआप चालणारे’ यंत्र तिकीट लावून दाखविले. पाहणीला आलेल्यांपैकी एकाच्या लक्षात आले की, दातेरी चाकांचे दाते भलत्याच बाजूने झिजले आहेत. म्हणजे यंत्र दुसरे काही चालवीत नसून दुसरेच काही यंत्राला चालवीत आहे. गृहस्थ तेथून न्यूयॉर्कला गेले. तेथे १८१३ मध्ये आगबोटींचे प्रसिद्ध निर्माते रॉबर्ट फुल्टन ते यंत्र पाहण्यास गेले. त्याचा आवाज एकसारखा नाही, कमीजास्त होतो, हे त्यांनी टिपले. हाताने फिरविलेल्या दांड्याचा आवाज तसा येतो. त्यांनी बाजूच्या फळ्या उचकटल्या तेव्हा आतून गेलेला तातीचा पट्टा सापडला, आणि त्या पट्ट्याच्या मागाने माळ्यावर गेल्यावर एक दाढीवाला म्हातारा सापडला. तो एका हाताने दांडा फिरवीत होता व दुसऱ्या हाताने पाव खात होता! ऊर्जा कोठून येते याचे उत्तर त्या पावाच्या तुकड्यात होते.

निसर्गाची रोजकीर्द

या सगळ्या फसलेल्या चाकांमागे एकच नियम आहे, हे १८४० ते १८५० या दशकात स्पष्ट झाले. जर्मनीतील युलियस रोबर्ट मायर यांनी १८४२ मध्ये तो मांडला. इंग्लंडमधील जेम्स जूल यांनी त्याच दशकात तो प्रयोगाने मोजला. खाली उतरणाऱ्या वजनांच्या जोरावर त्यांनी पाण्यात वल्ह्यांचे चाक फिरविले आणि पाणी किती तापते ते पाहिले. वजनाने गमावलेले आणि पाण्याने कमावलेले यांचे प्रमाण दर वेळी तेच आले. १८४७ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी या नियमाला गणिती रूप दिले. गंमत अशी की, मायर हे वैद्य होते, जूल मद्यनिर्मितीच्या घराण्यातले, आणि हेल्महोल्ट्झ यांचे शिक्षणही वैद्यकाचे. पदार्थविज्ञानाची पदवी तिघांपैकी एकाकडेही नव्हती.

ऊर्जेच्या अक्षय्यतेचा हा नियम आपण शाळेत पाठ केलेला असतो: ऊर्जा निर्माण करता येत नाही व नष्टही करता येत नाही, तिचे केवळ रूपांतर होते. मला हा नियम रोजकीर्दीच्या भाषेत अधिक कळतो. वहीत जी रक्कम जमेला दिसते ती कोणाच्या तरी नावे पडलेली असलीच पाहिजे. कोणाच्याही नावे न पडता जमा झालेली रक्कम दिसली, तर मुनीम आनंदाने नाचत नाही; तो पुन्हा बेरीज तपासतो.

येथे एक गैरसमज दूर करावयास हवा. ‘आज जमत नाही, पण उद्याचा अभियंता करून दाखवील’ असे अनेकांना वाटते. विमान अशक्य म्हणणारे होतेच की, असा दाखलाही दिला जातो. पण विमान कोणत्याही निसर्गनियमाविरुद्ध उडत नाही. पक्षी तर उडतच होते. अधिक चांगली बॅटरी, अधिक हलकी गाडी, कमी घर्षणाचे चाक हे सारे उद्याचा अभियंता करील. परंतु शंभर देऊन शंभरावर परत घेणे हे कौशल्याच्या कक्षेतलेच नाही. कुशल मुनीम हिशेब नेटका ठेवील. तो तिजोरीत पैसे उत्पन्न करू शकत नाही.

सायकलचा डायनॅमो

हा नियम हातापायांना समजावा असे एक साधन पूर्वी घरोघरी होते, ते म्हणजे सायकलचा डायनॅमो. रात्री डायनॅमोची चकती टायरला टेकविली की दिवा लागे. आणि त्याच क्षणी पायडल जड होई. हा जडपणा केवळ चकतीच्या घासण्याचा नसतो. दिव्याची तार काढून टाकली तर चकती टेकलेली असूनही पायडल पुष्कळ हलके होते. तार जोडून दिवा लागला की पुन्हा जड. वीज ओढली की जनित्र फिरणाऱ्याला विरोध करते. हाइनरिश लेन्झ यांनी १८३४ मध्ये सांगितलेला नियम तो हाच. दिव्याचा उजेड ही सायकलची कमाई नसते; तो पायांचा खर्च असतो.

आता चाकाला जनित्र लावलेल्या गाडीचा विचार करा. बॅटरी मोटर फिरविते, मोटर चाक फिरविते, चाक जनित्र फिरविते आणि जनित्र बॅटरी भरते. जनित्र जितकी वीज देईल तितका त्याचा विरोध वाढेल, आणि तो विरोध मोडून काढण्यासाठी मोटरला बॅटरीतून तितकीच नव्हे, तर त्याहून अधिक वीज घ्यावी लागेल. कारण प्रत्येक टप्प्यावर थोडी उष्णता होऊन निसटते. समजा, बॅटरीतून निघालेल्या १०० भागांपैकी मोटरने ९० चाकापर्यंत पोचविले, जनित्राने त्या नव्वदाचे ८१ केले आणि बॅटरीत साठताना ७७ उरले. या शंभरात गाडी एक वीतही पुढे गेलेली नाही, तरी २३ भाग गेले. हवेचा व रस्त्याचा विरोध तोडून पुढे जाण्याचा खर्च वेगळाच. असे जनित्र लावलेली गाडी न लावलेल्या गाडीपेक्षा कमी अंतर जाईल. एका खिशातून दुसऱ्या खिशात पैसे टाकताना दर वेळी दलाली द्यावी लागली, तर दोन खिसे असणे हे श्रीमंतीचे लक्षण ठरत नाही.

हे तात्त्विक वाटेल, म्हणून एक अनुभव सांगतो. माझ्या परिचयाचे एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आहेत. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो. ‘कधीही चार्ज न करावी लागणारी स्कूटर’ विकण्याच्या एजन्सीसाठी अनामत भरा, असा प्रस्ताव घेऊन एक प्रतिनिधी त्यांच्याकडे आला. स्कूटरमध्ये दोन बॅटऱ्या. एक चालविते तोवर दुसरी भरते, मग अदलाबदल. रक्कम गुरुजींच्या प्रॉव्हिडंट फंडातून जावयाची होती. “सर, यात पैसे घालावेत का?” त्यांनी मला विचारले. मी म्हटले, “गुरुजी, तुमची डायनॅमोची जुनी सायकल अजून आहे ना?” त्यांनी ती अंगणात उलटी उभी केली आणि नातीला हाताने पायडल फिरवावयास सांगितले: आधी दिवा न लावता, मग लावून. “आबा, आता फिरवायला जड जातंय,” असे ती म्हणाली आणि प्रकरण तेथेच मिटले.

प्रतिनिधीने मात्र जाताना दोन गोष्टी ऐकविल्या. पहिली, ‘मी स्वतः दहा किलोमीटर चालवून आणली, बॅटरी भरलेलीच दाखवते.’ यात खोटे असेलच असे नाही. मोठ्या बॅटरीतून दहा किलोमीटरचा खर्च म्हणजे पिंपातून तांब्याभर पाणी. शिवाय साधे मीटर बॅटरीचा दाब दाखविते, साठा नव्हे; भार काढून थोडी विश्रांती दिली की हा दाब आपोआप वर चढतो आणि पाहणाऱ्याला बॅटरी ‘भरली’ असे वाटते. खरी परीक्षा एकच: बॅटरीला मोहोर लावावी आणि गाडी थांबेपर्यंत चालवावी. स्वयंवह असेल तर ती थांबणार नाही. दुसरी गोष्ट त्याने अशी सांगितली की, हा आपल्या माणसाचा शोध आहे, पेट्रोलवाले तो दाबून टाकतात आणि तुमच्यासारखे शिकलेले लोक पाठिंबा देत नाहीत. अभिमानाला घातलेली ही हाक पैशाच्या मोहापेक्षा प्रभावी असते. पण पाऱ्याच्या चाकाच्या बाबतीत आपण पाहिले की, खुद्द भास्कराचार्यांनाही सवलत मिळालेली नाही.

खरे किती आणि जाहिरात किती?

मग ‘सेल्फ-चार्जिंग’मध्ये काहीच तथ्य नाही काय? आहे, पण त्याचे माप ठाऊक हवे.

साध्या गाडीला ब्रेक लावला की तिच्या गतीतील ऊर्जा ब्रेकमध्ये तापून हवेत जाते. विजेच्या गाडीत त्या वेळी मोटरच जनित्राचे काम करते. तिचा विरोध गाडीला थांबवितो आणि मिळालेली वीज बॅटरीत परत जाते. यालाच पुनर्निर्मिती ब्रेक म्हणतात. म्हणजे जो जडपणा डायनॅमोच्या सायकलस्वाराला नको असतो, तोच येथे हवा असतो. कारण गाडी थांबवायचीच असते. ही युक्ती अस्सल आहे. मुंबईत २००७ नंतर आलेल्या लोकलगाड्या स्टेशनात थांबताना अशीच वीज वरच्या तारेत परत सोडतात आणि त्याच मार्गावर वेग घेणारी दुसरी लोकल ती वापरते.

आता माप घेऊ. दीड हजार किलो वजनाची गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने जात असेल, तर तिच्या गतीत सुमारे तीन लक्ष जूल ऊर्जा असते. विजेच्या बिलातले एक युनिट म्हणजे छत्तीस लक्ष जूल. तेव्हा ही सारी ऊर्जा युनिटचा बारावा हिस्सा झाली. त्यातील साठ टक्के परत मिळाली असे धरले, तर एका पूर्ण थांब्याला युनिटचा विसावा भाग हाती लागतो. अशी गाडी शंभर किलोमीटरला १२ ते १५ युनिटे घेते, त्या हिशेबाने ही परतफेड साडेतीनशे-चारशे मीटरला पुरेल. आणि ताशी ७२ चा वेग पुन्हा गाठावयास मात्र संपूर्ण बारावा हिस्सा, वर गळती, एवढे मोजावे लागते.

घाटातही हेच. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना गाडी सुमारे पाचशे मीटर उंची कमावते. दीड हजार किलो इतके उचलावयास दोन युनिटे लागतात. उतरताना त्यातली फार तर दीड परत येतात. चालकाला उतारावर बॅटरीचा आकडा वाढताना दिसतो आणि गाडी स्वतः वीज तयार करीत आहे असा भास होतो. परंतु ती वीज त्यानेच येताना डोंगराच्या खात्यात ठेवलेली असते. उतरताना तो ठेव मोडतो, आणि तीही पूर्ण मिळत नाही.

जपानमध्ये १९९७ च्या अखेरीस बाजारात आलेल्या टोयोटाच्या प्रियसपासून ज्या संमिश्र गाड्या निघाल्या, त्यांची जाहिरात अलीकडे ‘सेल्फ-चार्जिंग’ या शब्दाने होते, आपल्याकडेही होते. या गाड्या पेट्रोल वाचवितात, हे निर्विवाद. त्यांच्यात इंजिन व मोटर दोन्ही असतात, आणि ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा त्या परत मिळवितात. पण ज्यांना प्लग नाही त्या संमिश्र गाडीतील प्रत्येक युनिट शेवटी पेट्रोलच्या टाकीतूनच आलेले असते. नॉर्वेच्या ग्राहक प्राधिकरणाने २०२० मध्ये लेक्सस गाडीची अशी जाहिरात दिशाभूल करणारी ठरविली. ग्राहकाला वीज फुकट मिळते असे वाटते, वास्तविक ती पेट्रोल जाळून होते, हा आक्षेप होता. एका शब्दावरून झालेला हा निवाडा भाषेच्या विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावा.

टपावरची पवनचक्की आणि टपावरचा सूर्य

‘गाडीच्या वेगाने वारा लागतोच, तर टपावर पवनचक्की का लावू नये?’ हा प्रश्न हुशार विद्यार्थी हमखास विचारतात. तो वारा गाडीनेच निर्माण केलेला असतो. चक्कीने त्यातून काही घेतले की तितका विरोध गाडीला वाढतो. वाऱ्यातून जास्तीत जास्त ऊर्जा काढणारी आदर्श चक्की घेतली, तरी तिला ओढण्यासाठी गाडीने तीन रुपये खर्च करावेत आणि चक्कीने दोन परत द्यावेत, असा तो व्यवहार आहे. जमिनीवर उभी असलेली पवनचक्की नफ्यात चालते, कारण तिचा वारा आपण विकत घेतलेला नसतो.

सूर्याचे तसे नाही; तो खरोखरच बाहेरून देतो. म्हणून टपावर सौर पत्रे लावणे ही कल्पना नियमाला धरून आहे. तिची मर्यादा वेगळी आहे, ती जागेची. भर दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक हजार वॅट ऊन पडते. चांगले सौर पत्रे त्यातील वीस-बावीस टक्क्यांची वीज करतात. टप आणि बॉनेट मिळून चार चौरस मीटर जागा धरली तर आठशे वॅट झाले. दिवसाला पूर्ण उन्हाचे पाच तास पकडले, तर चार युनिटे, म्हणजे पंचवीस-तीस किलोमीटर. तेही गाडी दिवसभर उन्हात उभी केली, पत्र्यांवर धूळ नसली आणि आषाढ नसला तर. ऑस्ट्रेलियात १९८७ पासून डार्विन ते ॲडलेड अशी सुमारे तीन हजार किलोमीटरची सौर गाड्यांची शर्यत होते. पहिल्याच वर्षी ‘सनरेसर’ या गाडीने ताशी सरासरी ६७ किलोमीटर वेगाने ती जिंकली. परंतु ती एकाच माणसाची, अत्यंत हलकी, पडून चालवायची गाडी होती. कुटुंबासाठी सौर गाडी काढू पाहणाऱ्या दोन युरोपीय कंपन्यांना, डच ‘लाइटइयर’ आणि जर्मन ‘सोनो’ यांना, आपापल्या त्या गाड्यांचे काम २०२३ च्या आरंभी थांबवावे लागले. ऊन घराच्या छपरावर झेलावे आणि गाडीत भरावे, हेच सध्या शहाणपणाचे ठरते.

कधीही चार्ज न होणारा ट्रक

असे असले तरी एक वाहन खरोखरच आहे, जे बाहेरून जवळजवळ चार्ज न करता चालते! स्वित्झर्लंडमध्ये बील या गावाजवळ चुनखडीची खाण डोंगरावर आहे आणि सिमेंटचा कारखाना खाली आहे. तेथे सहाशे युनिटांच्या बॅटरीचा एक प्रचंड विद्युत ट्रक काम करतो. तो रिकामा वर जातो तेव्हा त्याचे वजन सुमारे ४५ टन असते. ६५ टन दगड भरून खाली येतो तेव्हा ११० टन. शंभर मीटर उंची उतरताना ११० टन वजन सुमारे ३० युनिटे मोकळी करते. ४५ टन तेवढेच वर चढवावयास सुमारे १२ युनिटे लागतात. मधल्या गळतीला भरपूर वाव देऊनही शिल्लक उरते.

मग नियम मोडला काय? आपला प्रश्न विचारू: कोठून? ट्रक रिकामा चढतो आणि भरलेला उतरतो. त्याची वीज दगडाच्या उंचीतून येते. तो दगड कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्राच्या तळाशी साचला होता; पृथ्वीच्या पोटातील उष्णतेने भूखंड सरकले, डोंगर उभे राहिले आणि दगड वर गेला. ती उचलण्याची किंमत पृथ्वीने भरली आहे. ट्रक त्या ठेवीतून काढीत आहे. कारखाना डोंगरावर आणि खाण खाली असती, तर याच ट्रकला रोज प्लग शोधावा लागला असता.

नष्ट होत नाही, तर वाचवायची कशाला?

शेवटी एका शब्दाचा गुंता सोडवू. भौतिकीतला ‘अक्षय्यता’ आणि सरकारी पत्रकातला ‘संवर्धन’ किंवा ‘बचत’ या दोहोंसाठी इंग्रजीत एकच शब्द आहे. मराठीत सुदैवाने वेगळे आहेत. संसदेने २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन अधिनियम केला आणि दर १४ डिसेंबरला आपण ऊर्जा संवर्धन दिन पाळतो. संसदेचा कायदा मोडता येतो, मग दंड होतो. निसर्गाचा कायदा मोडताच येत नाही. पण मग सहज शंका येते की, ऊर्जा नष्टच होत नसेल, तर ती वाचवा म्हणून भिंतीभिंतीवर लिहायचे कशासाठी?

कारण ऊर्जा उरते, तिचा उपयोग उरत नाही. मिठाची गोणी समुद्रात ओतली तर मिठाचा एक कणही नाहीसा होत नाही. पण त्या रात्रीच्या भाकरीला ते मीठ मिळत नाही. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे नऊ युनिटांची उष्णता एकवटलेली असते. गाडी सोळा-सतरा किलोमीटर जाते आणि ती सारी ऊर्जा रस्ता, टायर, ब्रेक, रेडिएटर आणि वारा यांत कोमट होऊन पसरते. तिची बेरीज नऊच राहते. तिच्यावर गाडी पुन्हा चालत नाही. उष्णताशास्त्राचा दुसरा नियम तो हाच.

विजेच्या गाडीचे खरे मोल येथे कळते. तेवढ्याच अंतराला तिला दोन-अडीच युनिटे पुरतात, कारण तिची मोटर थोडेच वाया घालविते. मात्र आपली बरीचशी वीज अद्याप कोळशातून येते, आणि औष्णिक केंद्रात कोळशातील उष्णतेचा सुमारे तिसरा हिस्साच वीज होतो. म्हणजे चंद्रपूरच्या वा कोराडीच्या भट्टीत त्यासाठी सात युनिटांची उष्णता खर्ची पडलेली असू शकते. नऊच्या ठिकाणी सात हा लाभ आहे, चमत्कार नव्हे. वीज पाण्यातून, वाऱ्यातून वा उन्हातून आली तर लाभ वाढतो. गाडी हलकी केली, वेग बेताचा ठेवला, चौघांनी मिळून प्रवास केला किंवा बसने गेलो तर आणखी वाढतो. बचतीच्या या वाटा रोजच्याच आहेत, आणि त्यांची तिकिटे लावून कोणी जत्रा भरवीत नाही, म्हणून त्या मागे पडतात.

आपल्या महाविद्यालयातून बाहेर पडणारे विद्यार्थी मोटर बनविणार नाहीत. पण ते वृत्तपत्रांत बातम्या लिहितील, जाहिरातींची भाषा घडवितील, ग्रामपंचायतीत व बँकेत बसून कर्जाचे आणि अनुदानाचे अर्ज तपासतील आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना सल्ला देतील. ‘स्वतःच चार्ज होते’ हे तीन शब्द कोणा अभियंत्याने लिहिलेले नाहीत. ते आपल्यासारख्याच कोणी तरी लिहिले आहेत. ते छापण्यापूर्वी, मंजूर करण्यापूर्वी किंवा त्यांवर पैसे भरण्यापूर्वी ‘कोठून?’ एवढे विचारावे. उत्तर पेट्रोलची टाकी, भिंतीतला प्लग, डोंगराची उंची किंवा आकाशातला सूर्य असे आले, तर पुढचा हिशेब करावा. उत्तर ‘गाडीतूनच’ असे आले, तर वही मिटावी आणि पैसे खिशात ठेवावेत.